भूतकथेतला संशोधक

परवा हॉस्टेलमधल्या एका ज्युनिअरने माझ्या टेबलावरचं पुस्तक उचललं, मुखपृष्ठ बघितलं आणि विचारलं, "ताई, तू फिजिक्समध्ये पीएचडी करतेस आणि भुताच्या गोष्टी वाचतेस?" तिने चेष्टेतच विचारलं होतं, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आपल्याकडे हा प्रश्न नुसता चेष्टेचा नाही. २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, मारणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे इथे भूत फक्त गोष्टीत राहत नाही, ते कुणाच्या तरी पाठीवर वळ उठवून जातं. मग विज्ञान शिकलेल्या माणसाने भूतकथा आवडीने वाचावी का? आणि वाचली तर त्यातून हाती काय लागतं? उत्तर देण्यासाठी मी एकच लेखक घेते, कारण तो स्वतः आयुष्यभर संशोधक होता आणि त्याच्या गोष्टींतले बरेच नायकही कुठल्या ना कुठल्या शोधात असतात.

त्याचं नाव एम. आर. जेम्स. जन्म १८६२, मृत्यू १९३६. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा प्रमुख, नंतर ईटन शाळेचा प्रमुख. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची करणं हे त्याचं खरं काम. एकेक पोथी हातात घ्यायची, पानं मोजायची, अक्षर कोणत्या शतकातलं ते ठरवायचं, पूर्वी ती कुणाकडे होती ते शोधायचं. अतिशय किचकट, चिकाटीचं काम. आणि हा माणूस नाताळच्या सुट्टीत मित्रांना खोलीत बोलवायचा, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवायचा आणि नुकतीच लिहून संपवलेली भूतकथा वाचून दाखवायचा. पहिला संग्रह १९०४ मध्ये आला, दुसरा १९११ मध्ये. इंग्रजी भूतकथेची चर्चा त्याला वगळून होत नाही.

गोष्ट कशी चढते

जेम्सने भूतकथा कशी लिहावी यावर थोडंसंच लिहिलंय, पण ते मोलाचं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणसं सुरुवातीला आपापल्या कामात, मजेत असू द्या. जागा ओळखीची असू द्या, बोलणं रोजचं असू द्या. मग त्या शांत चित्रात ती गोष्ट हळूच डोकं वर काढू दे, आधी जरासं, मग जास्त. भूत दुष्ट असावं, प्रेमळ भुताने कुणी घाबरत नाही. रक्ताचे सडे घालू नका, हात आखडता ठेवा. आणि नैसर्गिक स्पष्टीकरणाला एक फट ठेवा, पण ती इतकी अरुंद असावी की तिच्यातून सहज बाहेर पडता येऊ नये.

ही शेवटची सूचना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबले. कारण पेपर लिहिताना आपण याच्या उलट करतो. पर्यायी स्पष्टीकरणांच्या फटी शोधायच्या आणि एकेक बुजवत जायचं. सामग्री तीच: निरीक्षण, शंका, पर्याय. मांडणी मात्र उलटी. पेपरमध्ये निष्कर्ष पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, भूतकथेत तो शेवटपर्यंत हाती लागू द्यायचा नसतो.

'काउंट मॅग्नस' ही गोष्ट बघा. रॅक्सल नावाचा एक प्रवासी लेखक स्वीडनमध्ये एका जुन्या सरदार घराण्याची कागदपत्रं तपासतोय. त्या सरदाराच्या शवपेटीला तीन कुलुपं आहेत. रॅक्सल सहज म्हणतो की या माणसाला भेटायला आवडलं असतं. एक कुलूप जमिनीवर पडलेलं दिसतं. पुढे दुसरं. मग तिसरं. भुताचं वर्णन जवळजवळ नाहीच, नुसता आकडा खाली येतोय. वाचक स्वतः मोजतो आणि पुढे काय होणार हे रॅक्सलच्या आधी त्याला कळतं.

पार्किन्सची चूक

जेम्सची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे १९०४ च्या संग्रहातली 'ओ, व्हिसल, अँड आय'ल कम टू यू, माय लॅड'. नायक पार्किन्स तरुण प्राध्यापक आहे. त्याचा विषय 'ऑन्टोग्राफी', हा जेम्सने थट्टेने बनवलेला विषय. पार्किन्स नीटनेटका, प्रामाणिक, भुताखेतांवर अजिबात विश्वास नसलेला आणि ते पुन्हा पुन्हा सांगणारा. सुट्टीत तो पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावी गोल्फ खेळायला जातो. हॉटेलात दोन पलंगांचीच खोली मिळते. सहकाऱ्याने सांगितलं म्हणून तो जुन्या अवशेषांपाशी जातो, तिथे थोडं उकरतो आणि त्याला एक धातूची शिट्टी सापडते. परत येताना मागे वळून बघतो तर किनाऱ्यावर दूर एक अस्पष्ट आकृती. त्याला गाठायला धावतेय असं वाटतं, पण अंतर काही कमी होत नाही. रात्री तो शिट्टी साफ करून वाजवतो. वारा उठतो.

आता पुढचं नीट बघा. रात्री खोलीत काहीतरी सरपटल्याचा आवाज येतो. त्याला वाटतं, उंदीर असतील. सकाळी मोलकरीण सांगते की दोन्ही पलंगांवर कुणीतरी झोपल्यासारखं दिसत होतं. तो म्हणतो, मी सामान ठेवलं होतं, त्याने चुरगळलं असेल. संध्याकाळी एक मुलगा घाबरून धावत येतो, त्याच्या खोलीच्या खिडकीतून काहीतरी हात हलवत होतं म्हणून. खोलीत जाऊन बघतात तर दाराला कुलूप, आणि दुसऱ्या पलंगावरच्या चादरी पिळवटलेल्या.

यातलं एकेक उत्तर वेगळं काढून बघितलं तर बरोबरच वाटतं. उंदीर असतातच. सामानाने चादर चुरगळतेच. पार्किन्स मूर्ख नाहीये. तो करतो एवढंच की प्रत्येक विचित्र गोष्टीला वेगळं, सोयीचं, लगेच सुचलेलं उत्तर देतो आणि फाइल बंद करतो. तीन विचित्र गोष्टी एकाच खोलीत, एकाच दिवसात घडल्या, त्यांचा एकत्र विचार तो करत नाही. जेम्सने आपल्याला नेमकं तिथे बसवलंय जिथून तीनही नोंदी एकदम दिसतात. भीती त्या बेरजेतून येते. शेवटी रात्री रिकाम्या पलंगावरची चादर उठून बसते, तेव्हा आपण दचकतो खरे, पण आपल्याला ते माहीत होतंच.

ही गोष्ट माझ्या अंगावर आली त्याला कारण आहे.

माझा दुसरा पलंग

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पातळ थरांचा रोध कमी तापमानाला मोजत होते. सॅम्पल थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून रन रात्रभर चालायचा. सकाळी येऊन ग्राफ बघायचा. पहिल्या रनमध्ये मधेच एक टोक आलं. मी म्हटलं, कॉन्टॅक्ट ढिला असेल. पुढच्या रनमध्ये दोन टोकं. विजेचा दाब वरखाली होतो, आपल्याकडे काय नवीन आहे? तिसऱ्यात पुन्हा. सिल्व्हर पेस्ट नीट वाळली नसेल. एका सीनियरने सल्ला दिला, "नॉइज आहे, पॉइंट काढून टाक, सगळेच काढतात." मी काढून टाकले. तीन आठवडे काढत राहिले. ग्राफ इतका गुळगुळीत झाला की मलाच आवडायला लागला.

ग्रुप मीटिंगमध्ये तो दाखवला. आमच्या मॅडम थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. रॉ डेटा उघड बघू." त्या क्षणी पोटात जे झालं ते कुठल्याही भूतकथेत झालेलं नाही. मी फाइल उघडली, काय काढलं तेही सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "टोकं किती वाजता येतात, बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. प्रत्येक टोकाला माझ्याकडे कारण होतं, पण वेळ कुणाचीच लिहिलेली नव्हती.

त्या रात्री वही घेऊन लॅबमध्ये बसले. एक-सव्वा वाजता भिंतीपलीकडे घुर्र असा आवाज झाला आणि स्क्रीनवर टोक आलं. साधारण चाळीस मिनिटांनी पुन्हा आवाज, पुन्हा टोक. शेजारच्या लॅबमधल्या डीप फ्रीजरचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा आणि तो आमच्याच लाइनवर होता. दुसऱ्या दिवशी आमचं उपकरण वेगळ्या लाइनवर घेतलं, भूत गेलं. जुने सगळे रन मात्र पुन्हा करावे लागले. जवळपास दोन महिने गेले.

या दोन महिन्यांचं मला तेवढं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की फ्रीजरच्या जागी तिथे खरंच एखादा नवा परिणाम असता, तरी मी तो तेवढ्याच शांतपणे पुसला असता.

भूत सापडतं तेव्हा

याच जातीची एक खरी घटना इंग्लंडमधली आहे. विक टँडी हे कोव्हेंट्री विद्यापीठातले अभियंते. त्यांनी १९९८ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर पेपर लिहिला. एका प्रयोगशाळेत काम करताना लोकांना उगीच अस्वस्थ वाटायचं. एका रात्री एकटे असताना टँडींना घाम फुटला, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली, वळून बघितलं तर नाही. इथपर्यंत ही जेम्सचीच गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीचं पातं दुरुस्तीसाठी शिकंज्यात आवळलं आणि ते आपोआप थरथरायला लागलं. इथून गोष्ट वेगळी होते. त्यांनी ते पातं खोलीत हलवत नेलं, कुठे जास्त थरथरतं ते बघितलं आणि साधारण १९ हर्ट्झच्या स्थिर तरंगापर्यंत पोचले. एवढा खालचा आवाज माणसाला सहसा ऐकू येत नाही. उगम होता एक नवा बसवलेला पंखा. त्याची बसवणूक बदलल्यावर ते सगळं थांबलं. १९ हर्ट्झमुळे माणसाला भुतं दिसतातच असं यातून सिद्ध होत नाही, तो एका खोलीतला अनुभव आहे. पण रीत बघा. घाबरल्यावर त्यांनी नंतरची विचित्र गोष्ट आधीच्या घटनेशी जोडून बघितली आणि मोजमाप केलं. पार्किन्सने जे केलं नाही, नेमकं तेच.

म्हणून मला वाटतं, भूतकथा आणि संशोधन एकाच दारापर्यंत बरोबर येतात. भूतकथा त्या दारात थांबते, कारण आत गेलं की ती संपते. संशोधकाला आत जावंच लागतं.

रिव्ह्यूअरच्या मागे लागलेलं भूत

'कास्टिंग द रून्स' ही १९११ च्या संग्रहातली गोष्ट पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. कार्सवेल नावाचा एक भडक डोक्याचा गृहस्थ किमयाशास्त्रावर पेपर पाठवतो. संस्था तो नाकारते. पेपर वाचून प्रतिकूल मत देणारा तज्ज्ञ असतो डनिंग. कार्सवेल त्याचं नाव शोधून काढतो. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात एक जाडजूड गृहस्थ डनिंगचे खाली पडलेले कागद उचलून त्याच्या हातात देतो. त्यांत एक चिठ्ठी असते, तिच्यावर रून लिपीतली अक्षरं. तेव्हापासून डनिंगची एकट्याने असण्याची खात्री जाते. एका रात्री उशीखाली हात घालतो तर हाताला तोंड लागतं, दात आणि केस असलेलं.

तुमचा पेपर कधी नाकारला गेला असेल तर क्षणभर कार्सवेलची बाजू घ्यायचा मोह होईल. मला झाला. पण या गोष्टीतलं महत्त्वाचं वेगळंच आहे. काही वर्षांपूर्वी कार्सवेलच्या पुस्तकावर कडक परीक्षण लिहिणारा हॅरिंग्टन नावाचा माणूस विचित्र रीतीने मेलेला असतो. डनिंग त्याच्या भावाला भेटतो. दोघं आपापल्या नोंदी समोर ठेवतात. त्या हॅरिंग्टनलाही एका जाड माणसाने कार्यक्रमपत्रिका हातात दिली होती, तिच्यातही तशीच चिठ्ठी होती, ती वाऱ्याने उडून आगीत गेली. दोन स्वतंत्र प्रकरणांतून त्यांना नियम कळतो: चिठ्ठी समोरच्याने स्वतःच्या हाताने घ्यावी लागते आणि मुदत संपायच्या आत ती तशीच परत करता येते. मग रेल्वेच्या डब्यात ते ती चिठ्ठी कार्सवेलच्याच तिकिटाच्या पाकिटातून त्याला परत देतात, आणि तो ती घेतो. बंदरावर बोटीत चढताना कर्मचाऱ्याला वाटतं की कार्सवेलबरोबर अजून कुणीतरी आहे. एवढं एकच वाक्य, पण मी त्या रात्री खोलीतला दिवा चालू ठेवून झोपले.

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवा. रॅक्सल एकटाच होता, कुणाला काही सांगितलं नाही, मेला. पार्किन्सने त्या संध्याकाळी थोडंफार एका कर्नलला सांगितलं होतं, तो ऐन वेळी धावून आला, वाचला. डनिंगने दुसऱ्याच्या नोंदीशी आपल्या नोंदी ताडून बघितल्या, तो नुसता वाचला नाही, त्याला नियमही सापडला. जेम्सने हे मुद्दाम केलं असेल असा माझा दावा नाही. पण आयुष्यभर पोथ्या ताडून बघणाऱ्या माणसाच्या हातून ते आलं, यात मला नवल वाटत नाही.

जिथे माझं पटत नाही

जेम्सचं सगळंच गोड मानावं असं नाही. त्याच्या जगात बहुतेक सगळे एकटे, सुखवस्तू पुरुष. बायका आल्या तर मोलकरीण किंवा घर सांभाळणारी म्हणून. दुसरं म्हणजे, पुष्कळ ठिकाणी तो कुतूहलालाच शिक्षा देतो. जुनी पेटी उघडू नका, उकरू नका, विचारू नका. रॅक्सलचा गुन्हा काय? जास्त कागद वाचले. हे मला मान्य नाही. कुतूहलाची शिक्षा हा धडा घेतला तर आपण सगळ्यांनी उद्या राजीनामे द्यावेत. पार्किन्सची गोष्ट मला रॅक्सलच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते ती याचसाठी. पार्किन्सला शिक्षा होते ती कमी विचारल्याची.

आपल्याकडे नारायण धारपांच्या समर्थ-कथा वाचताना फरक जाणवतो. तिथे वाईट शक्ती कितीही मोठी असली तरी समर्थ येणार हा आधार असतो, म्हणून वाचक घाबरूनही सुरक्षित राहतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत भीती मला बऱ्याचदा घरातल्याच माणसांकडून आलेली वाटते. आणि आमची आजी कोकणातल्या चकव्याची गोष्ट सांगायची तेव्हा ती स्वतःला कधीच लागलेली नसायची, कायम आजोबांच्या मावसभावाला. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच आंब्याखाली येतो. लहानपणी मी विचारायचे, "पण मग त्याने आंब्याला खूण का नाही केली?" आजी म्हणायची, "तू झोप."

जेम्सला भुतांवर विश्वास आहे का असं लोक विचारायचे. १९३१ च्या एकत्रित संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने उत्तर दिलंय की पुरावा तपासायला आपली तयारी आहे आणि समाधान झालं तर आपण तो मान्य करू. यापेक्षा वेगळं उत्तर कुठल्या वैज्ञानिकाने दिलं असतं? भूतकथेला न मानणारा वाचकच लागतो. जो आधीच मानतो त्याच्यासाठी ती बातमी असते, आणि बातमी ऐकून माणूस मांत्रिकाकडे जातो. शंका असलेला वाचक फटीतून बाहेर पडायची धडपड करतो, आणि ती धडपड हीच भूतकथेची मजा. भोंदू बाबाला ही शंका नको असते. म्हणून भूतकथा वाचणं आणि दाभोलकरांचं काम महत्त्वाचं मानणं या दोन गोष्टींत मला विरोध दिसत नाही.

त्या ज्युनिअरला मी हे सगळं सांगितलं नाही. पार्किन्सची गोष्ट वाचायला दिली आणि एक काम दिलं: पेन्सिल घेऊन बस, त्याला दिसलेल्या प्रत्येक विचित्र गोष्टीची वेळ, जागा आणि त्याने दिलेलं कारण असे तीन रकाने कर. तुम्हीही करून बघा. नंतर स्वतःच्या लॅबबुकचं शेवटचं महिन्याभराचं पान उघडा आणि तेच तीन रकाने तिथे भरा. माझ्या जुन्या वहीत वेळेचा रकाना रिकामा होता. आता नसतो.

दोन दिवसांनी तिने पुस्तक परत आणून दिलं. तक्ता व्यवस्थित केला होता. म्हणाली, "ताई, आमच्या खोलीतला दुसरा पलंग रिकामा आहे, आज रूममेट गावाला गेलीये. तुझ्याकडे झोपू का?"